दुरुस्तीच्या दुकानातले शहाणपण

बीड जिल्ह्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांची संगणकाशी गाठ पडते ती दुसऱ्याच्या यंत्रावर; पीकविम्याचा अर्ज किंवा एखादा दाखला यासाठी गेवराई, माजलगावच्या सेवा केंद्रात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, आणि विमा कंपनीच्या नफ्या-तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या २०२०च्या ‘बीड पॅटर्न’ने जिल्ह्याचे नाव पीकविम्याच्या चर्चेत सर्वदूर नेले. जमिनीचा आणि पिकाचा हिशेब असा यंत्रात गेल्यावर ते यंत्र निरोगी कोण ठेवतो, हा प्रश्न शेतीचाच होतो. याचे रूढ उत्तर ‘अँटीव्हायरस टाका’ असे आहे. इतिहास मात्र सांगतो की संरक्षण ही एकदा विकत घेऊन विसरायची वस्तू कधीच नव्हती. तो देखभालीचा धंदा होता.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे, म्हणजे संगणक सुरू होतानाच ताबा घेई. सिस्टिम सॉफ्टवेअरची वाट अशी वापरून झाल्यावर पाळी आली ॲप्लिकेशनची: १९९९च्या ‘मेलिसा’ने वर्डच्या मॅक्रोचा आणि ईमेलचा आधार घेतला. महाराष्ट्रात यावरचा इलाज दुरुस्तीच्या दुकानातून आला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू सापडू लागले, तेव्हा भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले, आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. नवा विषाणू आला की जुना इलाज अपुरा पडे. म्हणून या मालाचे खरे मोल डबीत नव्हते, ते सतत येणाऱ्या अपडेटमध्ये होते.

२०१७ने हे मोठ्या प्रमाणावर दाखवले. १२ मेला पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ विषाणूने विंडोजमधल्या ज्या भोकाचा फायदा घेतला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. यावर हुशार वाचक अडवील: पुढच्याच महिन्यातला ‘नॉटपेट्या’ तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला, आणि न्हावा शेवा बंदरातले मेर्स्क या जहाज कंपनीचे टर्मिनलही ठप्प झाले; मग अपडेटवर भरवसा कसा ठेवायचा? हरकत खरी आहे, पण तिचे उत्तर त्याच घटनेत आहे. मेर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेचा कणा असलेल्या माहितीची एकच प्रत शाबूत उरली, ती घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो सर्व्हर नेटवर्कबाहेर होता. लोडशेडिंगचे असे उपकार मराठवाड्यालाही चटकन पटतील. मात्र योगायोगाने जे वाचले, ते नियमाने वाचवता येते: महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत यंत्रापासून तोडून ठेवावी.

दुसरी हरकत पैशांची. किरकोळ शुल्कावर चालणाऱ्या केंद्राला परवान्याचे विंडोज परवडत नाही, म्हणून चोरीची प्रत येते आणि ती बिघडू नये म्हणून अपडेट बंद ठेवले जातात. अडचण खरी, पण उपाय महाग नाही. लिनक्सच्या अनेक प्रती फुकट मिळतात; विंडोजमध्येच आता डिफेंडर हा अँटीव्हायरस असतो; आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधने २०१७ पासून विनाशुल्क आहेत. लिनक्सने सगळे भागेल असे नाही, कारण सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी खोटी एपीके फाइल माणूस स्वतःच्या हाताने मोबाइलवर उतरवतो. तिथे सॉफ्टवेअर कमी पडते आणि सवय कामी येते: ॲप घ्यायचे ते अधिकृत स्टोअरमधूनच, आणि ओटीपी कोणाला सांगायचा नाही.

म्हणून जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. विद्युत मोटार विकत घेताना शेतकरी ती दुरुस्त कोण करणार हे आधी विचारतो. तसाच प्रश्न सेवा केंद्र मंजूर करणाऱ्या यंत्रणेने विचारायला हवा. केंद्राच्या करारात फलक आणि दरपत्रक यांबरोबर अपडेटची तारीख, साठवणीची दुसरी प्रत आणि देखभालीसाठी ठरलेली रक्कमही असावी.