भोपाळबाहेरचं एक राजांगण

बागेतला बंगला म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडच उभं राहतं. मधोमध घर, समोर लांबच लांब हिरवळ आणि पलीकडे तळं. भोपाळला गेलो तेव्हा मीही अशीच एखादी साहेबी कोठी बघायच्या विचारात होतो. पण मनात राहिला तो बेरसिया रस्त्यावरचा, शहराबाहेरचा चमन महाल.

हे गाव मूळचं जगदीशपूर, देवडा राजपुतांचं. १७१५च्या सुमारास दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने ते घेतलं आणि त्याचं इस्लामनगर केलं. कसं घेतलं, ते ऐकवत नाही. नदीकाठी मेजवानीला बोलावून पाहुण्यांची कत्तल केली, म्हणून त्या नदीला हलाली म्हणतात, अशी कथा तिथे प्रसिद्ध आहे. आणि असल्या माणसाच्या नावावर इतकी शांत बाग असावी!

बाग चारबाग पद्धतीची. पाण्याचे पाट, कारंजी, सरळ वाटा. लाल वालुकाश्माचा महाल, खांबांवर फुलापानांची नक्षी, एक शीशमहाल आणि अंघोळीसाठी हमाम. काही वळचणी मात्र बंगाली झोपडीच्या छपरासारख्या वाकलेल्या. म्हणजे मोगल घाट, माळव्याचे कारागीर आणि बंगालचं छप्पर, सगळं एकाच अंगणात.

अंगण म्हणायचं कारण आहे. इंग्लंडचा प्रसिद्ध बागरचनाकार कॅपॅबिलिटी ब्राऊन जन्मला १७१६ साली, म्हणजे जवळपास याच सुमाराला. त्याच्या काळातल्या बागांत कुंपणाऐवजी खोल चर खणत. घरातून बघताना चर दिसत नाही, त्यामुळे पलीकडची चरणारी गुरंसुद्धा बागेतलीच वाटतात. मालकाची नजर जाईल तिथपर्यंत त्याची बाग! इथे सगळं उलट. बाहेर तटबंदी, बाग आत, आणि घराचं तोंड आतल्या पाण्याकडे. आपल्या जुन्या घरांत राजांगणात पावसाचं पाणी आणि उजेड उतरतो ना, तसंच काहीसं. ज्याला बाहेर शत्रू दिसतात, तो बाग आतच लावणार.

आणि शत्रू होतेच. त्यात आपलेही होते. १७३७च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला भोपाळमध्ये कोंडलं आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दुराह्याचा तह होऊन माळवा मराठ्यांकडे आला. पुढे १८०६ ते १८१७ इस्लामनगर शिंद्यांच्या ताब्यात होतं. म्हणजे अकरा वर्षं या कारंज्यांपाशी मराठी बोललं गेलं असणार. त्या काळी बागेची निगा कोण राखत होतं, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल. लढायांच्या बखरी होतात, माळ्यांच्या होत नाहीत.

२०२३ साली सरकारने गावाला पुन्हा जगदीशपूर हे नाव दिलं. माझ्यासारख्या कारकुनाला अशा वेळी आधी शिक्के आणि नोंदवह्याच आठवतात. पण तिथे उभं राहून वाटलं, एक नाव पुसून दुसरं लिहिलं तरी मेजवानीही खरी मानावी लागते आणि बागही. एक दाखवायची आणि दुसरी झाकायची, हे काही मला पटत नाही.

असो. जाणार असाल तर राणी महाल बघाच, आणि गोंड महालाच्या पडक्या भिंतींपर्यंतही चालत जा. बहुतेक लोक कारंज्यांपाशी फोटो काढून परत फिरतात.