जुना पत्रा, नवा पत्रा

आमच्या मुखेडात चार समवयस्क जमले आणि गाड्यांचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं : "आताच्या गाड्या म्हणजे डबडी! पत्रा पाहावा तर पद्मिनीचा!"

पद्मिनीबद्दल मलाही प्रेम आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटवरून ही गाडी तयार होऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, थंडीत ओढायचा चोक. बंद पडली तर कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारायची, पॉइंट घासायचा, की निघाली! आजची गाडी कॉम्प्युटर जोडल्याशिवाय आपलं दुखणं सांगत नाही. इथे जुनीचाच विजय. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं ते उगाच नाही.

पण पत्र्याचं काय? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २००९ साली याचा निकालच लावला. १९५९ ची भलीथोरली शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपली. तिथे माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या चालकाचं पायावरच्या किरकोळ दुखापतीवर भागलं असतं.

कारण साधं आहे. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, म्हणजे लागत नाही. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं, धक्का स्वतः सोसतं आणि माणसं बसतात तो पिंजरा भक्कम ठेवतं. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी हा विचार १९५० च्या दशकातच मांडला होता. पुढे १९५९ मध्ये व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा दिला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टे सक्तीचे व्हायला १९९४ उजाडलं.

म्हणून नवी गाडी घेतली की निश्चिंत, असंही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते आधुनिक मर्सिडीजमध्येच. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. दोघेही गेले.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. रोजच्या वापराला मात्र परवानगी नाही. मला हे योग्य वाटतं. पद्मिनी जपावी, पुसावी, नातवंडांना दाखवावी. पण लातूर-नांदेडच्या रस्त्याला लागताना नवी गाडी काढावी, आणि मागे बसणाऱ्या आजी-आजोबांनीही पट्टा लावावा. "मागं कशाला?" हा प्रश्न आता घरात कुणी विचारू नये.