आठवण करून देणारा संगणक

डॉक्टरांच्या हातून काही राहून जातं ते नेहमी अज्ञानामुळे नव्हे. गर्दीत लक्ष सुटतं. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली हेच दाखवलं. संगणकाने आठवण दिली की डॉक्टर अधिक वेळा योग्य ते करत.

त्यांच्याच रीगनस्ट्रीफ संस्थेतल्या बायोंडिच आणि मॅमलिन यांनी २००४ साली केनियातल्या एल्डोरेटला एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींचा ढीग पाहिला. त्यातून ‘ओपनएमआरएस’ जन्मलं, मुक्त परवान्याखाली सर्वांना खुलं झालं. पुढे तिथल्या डॉक्टरांना सीडी-४ तपासणीची आठवण छापील कागदावर मिळू लागली.

फुकट मिळणं हा लहान फायदा. आठवण कोणत्या नियमाने आली हे वाचता येतं, आपल्याकडच्या रोगांप्रमाणे बदलता येतं; बदलणाऱ्यावर जबाबदारीही येते. जिवाशी गाठ असलेला नियम कुलुपात नसावा, एवढंच मला वाटतं.