पोलादाचा दांडा, कोळशाचा दांडा

शिसपेन्सिलीत ग्राफाइट असते. ते कागदावर हलकेच घासले तरी त्याचे थर सुटतात, म्हणूनच पेन्सिलीने लिहिता येते. मग गोल्फच्या काठीला ‘ग्राफाइटचा दांडा’ असतो हे ऐकल्यावर एखादा विद्यार्थी नक्कीच विचारील, “इतका मऊ पदार्थ चेंडूचा तडाखा सोसतो कसा?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याला सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागेल.

गोल्फ आपल्या शाळांत सहसा खेळला जात नाही, म्हणून आधी थोडी ओळख. त्यातील काठ्यांचे दोन मुख्य प्रकार म्हणजे ‘वुड’ आणि ‘आयर्न’. ही नावे काठीच्या टोकावरून पडली. वुडचे टोक पूर्वी लाकडी असे, आयर्नचे लोखंडी. दांडा मात्र दोन्हींचा लाकडीच. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी अमेरिकेतील हिकरी हे अक्रोडाच्या कुळातील चिवट लाकूड रूढ झाले. पण लाकूड निसर्गाने घडवलेले. दोन दांडे सारखेच लवतील याची खात्री नसे, आणि तडाख्याच्या वेळी ते पिळवटतही. खेळाडू शेकडो दांडे हाताळून आपल्याला जमणारे निवडत.

पोलादी नळीने ही अडचण दूर केली. कारखान्यात एकासारखा एक दांडा निघू लागला. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये त्याला मान्यता दिली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने मात्र १९२९ पर्यंत वेळ घेतला. बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच दांड्यांनी. पण पुढच्याच वर्षी बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकन ओपन जिंकली आणि हिकरीचे युग संपत आले.

कार्बनच्या धाग्याचा इतिहास वेगळ्याच वाटेने आला. १९५८ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना कार्बनचे अतिशय मजबूत तंतू मिळाले. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६०च्या सुमारास पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या धाग्यापासून कार्बनचा धागा बनवला. हा पदार्थ म्हणजे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचा जवळचा नातेवाईक. हा धागा आधी हवेत दोन-तीनशे अंश सेल्सिअसला आणि मग ऑक्सिजनविरहित वातावरणात हजार अंशांच्या वर तापवतात. उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन. ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेतही १९६३-६४ मध्ये अशाच पद्धतीने मजबूत धागे तयार झाले.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ग्राफाइटच्या एका थरातील कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असतात; दोन थरांमधला बंध मात्र दुबळा असतो. पेन्सिलीत आपण दुबळ्या बंधाचा फायदा घेतो. धाग्यात थर लांबीच्या दिशेने मांडलेले असल्याने ताण पडतो तो घट्ट बंधांवर. पदार्थ तोच, मांडणी निराळी. काटेकोर बोलायचे तर या धाग्याची रचना पूर्णपणे ग्राफाइटची नसते. ‘ग्राफाइट’ हे व्यवहारातले नाव आहे.

हा धागा विमानांसाठी वरदान ठरेल असे सर्वांना वाटले. पण रोल्स-रॉइसने आपल्या आरबी २११ या इंजिनाच्या पंख्याला कार्बन-धाग्याची पाती बसवली, तेव्हा पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत. शेवटी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. या इंजिनाच्या खर्चाने कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

नव्या धाग्याला आरंभी मोठे गिऱ्हाईक मिळाले ते खेळाच्या मैदानावर. १९७०च्या सुमारास अमेरिकेत शेक्सपिअर कंपनीतील अभियंता फ्रँक थॉमस यांनी ग्राफाइटचा दांडा बनवला. १९७२ मध्ये गे ब्रुअर या अमेरिकन खेळाडूने जपानमधील स्पर्धा काळ्या दांड्याच्या काठीने जिंकली आणि तिथे या दांड्याची मागणी वाढली. तोरे या जपानी कंपनीने १९७१ मध्येच धाग्याचे उत्पादन सुरू केले होते. मासेमारीच्या गळाच्या काठ्या आणि गोल्फचे दांडे यांनी तिला बाजार मिळवून दिला.

पण सुरुवातीचे दांडे पिळवटत. कारण समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. वहीच्या कागदाची नळी करून चिकटवा आणि दोन्ही टोके विरुद्ध दिशांना पिळा. सुरकुत्या तिरक्या पडतात. म्हणजे पिळताना ताण तिरका असतो. सगळे धागे लांबीच्या दिशेने ठेवले, तर वाकण्याला विरोध होईल, पिळण्याला फारसा नाही. म्हणून काही थर ४५ अंशांत तिरके गुंडाळू लागले आणि दोष आटोक्यात आला.

तरीही आयर्नच्या काठ्यांनी पोलाद लवकर सोडले नाही. पोलादी दांडा साधारण १२० ते १३० ग्रॅमचा, ग्राफाइटचा बहुधा ५० ते १०० ग्रॅमचा. हलकी काठी जोरात फिरवता येते, म्हणून लांब पल्ल्याच्या वुडला ग्राफाइट मानवले. आयर्नचे काम वेगळे. तिथे चेंडू लांब जाण्यापेक्षा ठरलेल्या जागी पडणे महत्त्वाचे. दरवेळी तोच परिणाम हवा, तर सगळे दांडे एकसारखे हवेत. आणि हाच तर पोलादाचा जुना गुण. ग्राफाइटच्या दांड्यात गुंडाळीतला किरकोळ फरकही जाणवे. पुढे उत्पादन सुधारले. हादरे कमी बसतात म्हणून सांधे दुखणाऱ्या वयस्कर खेळाडूंनी ग्राफाइटच्या आयर्न जवळ केल्या. २०२० मध्ये ब्रायसन डिशँबोने आयर्नलाही ग्राफाइटचे दांडे लावून अमेरिकन ओपन जिंकली. तरी व्यावसायिक खेळाडूंत आयर्नसाठी पोलादच अधिक दिसते.

‘जुने गेले, नवे आले’ असा विज्ञानाचा इतिहास सांगणे सोपे असते. आपण वर्गात बहुतेकदा तसाच सांगतो. हिकरीच्या बाबतीत तो खरा ठरला, पोलादाच्या बाबतीत नाही. कोणता पदार्थ श्रेष्ठ, असे कोणी विचारले तर आपण आधी उलट विचारावे : कोणत्या कामासाठी?