जहाजावरची तिसरी पिन

बंगळूरला समुद्र नाही. तरीही जहाजाच्या केबिनमध्ये स्पाइक गार्ड का नेऊ देत नाहीत, या प्रश्नाची एक वाट बंगळूरच्या वीजेच्या इतिहासातून जाते.

कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून 1902 साली पहिली वीज निघाली, ती बंगळूरसाठी नव्हे, तर कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत आखलेली आणि अभियंता ए. सी. जॉली द लॉटबिनिए यांनी उभारलेली ही वाहिनी सुमारे 147 किलोमीटर लांबीची होती. त्या काळी एवढे अंतर वीज वाहून नेणे हे जगभर धाडसाचेच मानले जात होते. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते 1905 च्या ऑगस्टमध्ये. ‘आशियातील पहिले’ हे बिरूद या शहराला हौसेने लावले जाते, पण कोलकात्यात 1899 सालीच वीजपुरवठा सुरू झाला होता, तेव्हा ते बिरूद जरा सांभाळून वापरावे. शिवनसमुद्रची वीज 25 हर्ट्झची होती. पुढे 1948 मध्ये जोगच्या धबधब्यावरील केंद्र सुरू झाले तेव्हा 50 हर्ट्झ हे प्रमाण रूढ होऊ लागले होते. एकाच राज्यात दोन वारंवारता नांदण्याचा हा काळ आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

त्या सुरुवातीच्या घरांत भिंतीवर सॉकेट नव्हतेच. वीज म्हणजे दिवा, आणि दिवा म्हणजे छतावरून लोंबणारा होल्डर. इस्त्री किंवा पंखा चालवायचा तर बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये अडॅप्टर बसवायचा. अडॅप्टर ही वस्तू प्लगच्या आधीची आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अमेरिकेत हार्वे हबल यांनी 1904 साली सुट्या प्लगचे पेटंट घेतले तेसुद्धा याच अडचणीवर तोडगा म्हणून. त्यांच्या रचनेचा एक भाग बल्बच्या होल्डरमध्ये बसत असे आणि दुसरा त्यात खुपसायचा असे.

ब्रिटनमध्ये गोल पिनांच्या अनेक रचना प्रचारात होत्या. त्यांना 1934 मध्ये बीएस 546 या मानकाने एका चौकटीत बसवले. तीन गोल पिना, त्यांपैकी वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते ती सुरक्षिततेसाठी: प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावे. पाच आणि पंधरा अँपिअरचे हे प्लग साम्राज्याबरोबर भारतात आले आणि इथेच स्थिरावले. ब्रिटनने मात्र ते सोडले. महायुद्धानंतरच्या घरबांधणीसाठी 1942 साली नेमलेल्या समितीने वर्तुळाकार वायरिंगची शिफारस केली, त्यात तांब्याची बचत होती. या समितीत कॅरोलिन हॅस्लेट यांचा समावेश होता आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्यांनी लावून धरला. परिणामी 1947 मध्ये आयताकृती पिनांचा, पोटात फ्यूज असलेला बीएस 1363 प्लग आला. ज्या वर्षी ब्रिटिश भारतातून गेले त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा जुना प्लगही मागे टाकला. भारताने तो ठेवून घेतला. भारतीय मानक आयएस 1293 मध्ये तोच प्लग किंचित बदललेल्या रूपात, सहा आणि सोळा अँपिअरच्या क्षमतेने नोंदलेला आहे.

जहाजांचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. एडिसनचे दिवे मेनलो पार्कबाहेर प्रथम व्यावसायिकरीत्या लागले ते 1880 साली, ‘कोलंबिया’ या आगबोटीवर. शहरात वीज पोहोचवायची तर रस्ते खणावे लागत, लोकांच्या परवानग्या लागत. जहाजावर मालक एक, जनित्र एक, आणि तेलाच्या दिव्यांनी आग लागण्याची भीती रोजची. जहाजे म्हणूनच पुष्कळ शहरांच्या आधी उजळली. पी. अँड ओ. कंपनीचे ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ हे जहाज 1929 मध्ये मुंबईच्या मार्गावर आले, तेव्हा त्याचे पंखेसुद्धा विजेच्या मोटरींवर फिरत होते, म्हणजे समुद्रात जहाज ढकलणारे पंखे. त्याच्या आठ वर्षे आधी चंद्रशेखर वेंकट रामन युरोपहून ‘नारकुंडा’ने परतले आणि भूमध्य समुद्राच्या निळाईचा अभ्यास त्यांनी निकोल प्रिझमच्या साहाय्याने केला. पुढे 1933 साली ते बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांच्या त्या प्रिझमला चार्जर लागत नव्हता, ही गोष्ट आजच्या संशोधक प्रवाशाला हेवा वाटावी अशीच.

आता मूळ मुद्दा. जमिनीवरील वीजपुरवठ्यात न्यूट्रल तार रोहित्राजवळ जमिनीत पुरलेली असते. त्यामुळे घरातल्या सॉकेटमधील एकच तार ‘जिवंत’ असते. ती चुकून उपकरणाच्या धातूच्या कवचाला लागली, की अर्थिंगमधून प्रचंड प्रवाह वाहतो आणि एमसीबी पडते. दोष झाला की पुरवठा तोडायचा, हे तत्त्व घरात उत्तम चालते. भर समुद्रात ते घातक ठरू शकते. एका केबिनच्या बिघाडाने सुकाणूच्या यंत्रणेची वीज जाणे कोणत्याही कप्तानाला परवडणार नाही. म्हणून अनेक जहाजांवर वीजवितरण पोलादी कवचापासून पूर्णतः विलग ठेवतात. न्यूट्रल कुठेही ‘जमिनीला’ जोडलेला नसतो. पहिला दोष झाला तरी प्रवाहाला परतीचा मार्ग मिळत नाही. गळती मोजणारे यंत्र इशारा देते आणि कर्मचारी सवडीने दोष शोधतात.

याची किंमत अशी, की केबिनमधील सॉकेटच्या दोन्ही तारा जिवंत असतात. तीन फेजच्या 230 व्होल्टच्या विलग जाळ्यात प्रत्येक तार कवचाच्या तुलनेत साधारण 133 व्होल्टवर तरंगत असते. एका फेजला दोष झाला, की उरलेल्या दोन फेजचा दाब 230 पर्यंत चढतो. दोष ठिणग्या टाकणारा, जोडणारा-तुटणारा असेल, तर क्षणिक दाब त्याहून कितीतरी वर जाऊ शकतो.

स्पाइक गार्डमध्ये बहुधा झिंक ऑक्साइडचे व्हॅरिस्टर असतात. जपानमध्ये मिचिओ मात्सुओका यांनी 1971 साली या सिरॅमिकच्या विलक्षण गुणधर्मांवर लिहिले. ठरावीक दाबापर्यंत तो रोधक, त्यापुढे अचानक वाहक. कणांच्या सीमांवरील विद्युतअडथळे एका मर्यादेनंतर कोसळतात आणि वाढीव दाब अर्थिंगकडे वळतो. मात्र प्रत्येक धक्का व्हॅरिस्टरला थोडा म्हातारा करतो. गळती वाढते, गळतीने उष्णता, उष्णतेने आणखी गळती. घरात अशा वेळी प्रवाह झपाट्याने वाढून एमसीबी बहुधा पडते. जहाजावर प्रवाहाला मोकळा परतीचा मार्ग नसतो. त्यामुळे एमसीबी पाडण्याइतका तो वाढत नाही, पण जाळ्यात दुसरीकडे आधीच एखादा दोष असेल तर व्हॅरिस्टर तापवायला पुरेसा प्रवाह मात्र वाहू शकतो. त्यातून स्पाइक गार्डचा स्वतःचा स्विच किंवा सुरक्षाफ्यूज पुष्कळदा एकच तार तोडतो. दुसरी तार जिवंतच राहते आणि तापणारा व्हॅरिस्टर तिच्याशी जोडलेला असतो. बंद केलेले उपकरण बंद झालेले नसते.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2013 साली प्रसृत केलेल्या सुरक्षा इशाऱ्यात एका जहाजाच्या निवासकक्षांत जवळपास एकाच वेळी लागलेल्या दोन आगींचा उल्लेख आहे. दोन्हींचे मूळ कर्मचाऱ्यांनी लावलेल्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये सापडले. लावणारी माणसे अडाणी नव्हती, जहाजावरच राबणारी होती. घरात जे शहाणपणाचे, तेच त्यांनी समुद्रावर केले.

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटन-जहाजांमुळे हा विषय आता भारतीय घरांपर्यंत आला आहे. व्हॅरिस्टर असलेली पट्टी बहुतेक कंपन्या तपासणीतच काढून घेतात; काही तर कोणताही एक्स्टेंशन बोर्ड चालू देत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी कंपनीची यादी वाचणे बरे. साधा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, दाब नाही. फोनचे व लॅपटॉपचे बहुतेक चार्जर 100 ते 240 व्होल्ट आणि दोन्ही वारंवारता सोसतात, त्यांना हरकत नाही. घरची किटली मात्र 110 व्होल्टच्या सॉकेटवर जेमतेम पावपट उष्णता देईल. उलट दिशेची चूक अधिक वाईट: 120 व्होल्टसाठी घडवलेली अमेरिकी पट्टी 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसली, तर व्हॅरिस्टर पहिल्या क्षणापासून वाहू लागतो.

गंमत अशी, की आज खुद्द जहाजालाही अडॅप्टर लागतो. धक्क्याला लागल्यावर इंजिनांचा धूर थांबवून किनाऱ्यावरची वीज घ्यावी, अशी व्यवस्था जगभरची बंदरे उभारत आहेत. मोठ्या प्रवासी जहाजांना ही वीज 6.6 किंवा 11 किलोव्होल्टवर लागते. त्यांची जनित्रे बहुधा 60 हर्ट्झवर चालतात आणि भारताचे जाळे 50 वर. मधे वारंवारता बदलणारे, काही मेगावॅट क्षमतेचे परिवर्तक बसवावे लागतात. केबल जोडताना आधी अर्थिंग आणि मग फेज, हा क्रम तिथेही पाळला जातो.