आधी माप, मग कात्री

आमच्या ओसरीत गेल्या वर्षापासून एक गाडी उभी आहे. तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी. खुर्चीसारखी सीट, पुढे हँडल आणि त्यावर अंगठ्याने दाबायची खटकी. खटकी दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी असलेल्या या वाहनाला मोबिलिटी स्कूटर म्हणतात. आमची गाडी सध्या जुन्या चादरीखाली आहे. ती तिथे का उभी राहिली, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

अब्बांनी पन्नास वर्षं शिंपीकाम केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात-पाय अधू झाला, पण जीव वाचला. काठी टेकत घरातल्या घरात ते फिरू लागले. मात्र वाचनालयापर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर त्यांच्यासाठी परमुलूख झालं. मी दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, ‘सगळे हीच नेतात.’ मी हीच आणली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, गल्लीच्या वळणावर, डावं चाक गटारात गेलं आणि गाडी अब्बांसकट कलंडली. कोपर सोलवटलं, इतकंच. पण मी लोकांदेखत बोलून गेलो, ‘अब्बा, एवढं मोठं गटार दिसलं नाही का?’ ते काही बोलले नाहीत. पुन्हा गाडीवर बसलेही नाहीत.

आता इतिहासाकडे वळू. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथे सतराव्या शतकात स्टेफान फारफ्लर नावाचा घड्याळजी राहत होता. त्याचे पाय निकामी होते. १६५५ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीनचाकी बनवली. हाताने दांडा फिरवायचा, दातेरी चक्रं फिरायची आणि पुढचं चाक पळायचं. घड्याळातली विद्या त्याने रस्त्यावर आणली. आपल्याकडे शिबिरांतून वाटतात ती हाताने चालवायची तीनचाकी सायकल याच घराण्यातली.

पुढे अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाण-अभियंता अपघातात कमरेखाली लुळा झाला. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या अवजड असत, मोटारीत मावत नसत. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यांत्रिकी अभियंता होता. दोघांनी मिळून १९३३ मध्ये घडी होणारी हलकी पोलादी खुर्ची तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी हातांतलंही बळ गेलेल्या जखमी सैनिकांसाठी विजेवर चालणारी खुर्ची घडवली. आणि १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, प्लंबिंगचा धंदा करणाऱ्या अ‍ॅलन थीम यांनी मज्जासंस्थेच्या आजाराने चालणं अवघड झालेल्या घरच्याच माणसासाठी बॅटरीवरची छोटी तीनचाकी तयार केली. तिचं नाव ‘अमिगो’, म्हणजे स्पॅनिश भाषेत मित्र. आजच्या मोबिलिटी स्कूटरची ती आजी म्हणायला हरकत नाही.

यात एक गोष्ट लक्षात येते. फारफ्लरने गाडी केली ती स्वतःसाठी. एव्हरेस्टची खुर्ची त्याच्या स्वतःच्या गरजेतून आली, थीम यांची गाडी घरच्या माणसासाठी. शिंप्याच्या भाषेत बोलायचं तर हे सगळे कपडे अंगावर माप घेऊन शिवलेले होते. पुढे कारखाने निघाले आणि तयार कपड्यांचा जमाना आला. गाडी स्वस्त झाली, पुष्कळांना मिळू लागली, हा मोठाच फायदा. पण माप हरवलं.

ते हरवल्यावर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. महायुद्धानंतर तिथल्या सरकारने अपंगांना ‘इनव्हाकार’ नावाची एकाच माणसाची, फिक्या निळ्या रंगाची तीनचाकी मोटार द्यायला सुरुवात केली. हजारो लोक तिच्यामुळे घराबाहेर पडले, नोकरीला गेले. पण बायको-मुलांना शेजारी बसवायची सोय नव्हती. ती वाऱ्यात हेलकावते, कलंडते, अशा तक्रारी वाढत गेल्या. अखेर २००३ मध्ये उरलेल्या सरकारी गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या.

हे हरवलेलं माप पुन्हा घेण्याची विद्या दुसऱ्याच वाटेने आली. तिचं नाव व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. इथे व्यवसाय म्हणजे नुसती नोकरी नव्हे. अंघोळ, स्वयंपाक, वाचन, बाजार, नमाज, पूजा, ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो ती सगळी. जॉर्ज बार्टन नावाचा अमेरिकी वास्तुरचनाकार क्षयाने खंगला होता, पुढे त्याची डावी बाजूही लुळी पडली होती. हातांना काम देत तो सावरला. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या घरी जमलेल्या मोजक्या मंडळींनी या विद्येची पहिली संस्था स्थापन केली.

ती आपल्याकडे आणली ती एका सुनेने. न्यू जर्सीत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी निंबकरांच्या घरात येऊन कमलाबाई झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या फिलाडेल्फियाला जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातली ही अशी पहिली शाळा. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. यामागे कमलाबाईंचे कष्ट होते.

या परंपरेतली एक तरुण मुलगी शेवटी आमच्या घरी आली. पहिला अर्धा तास तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘आजोबा, गाडीवर बसून कुठे जायचंय?’ हा तिचा पहिला प्रश्न. आम्ही कुणी तो विचारलाच नव्हता. मग खुर्चीतून उठवलं, बसवलं. पाठ न टेकता तोल राहतो का, अंगठ्यात जोर किती, मान मागे वळते का, अचानक ‘थांबा’ म्हटलं तर हात किती लवकर सुटतो, हे सगळं पाहिलं. दाराची रुंदी मोजली, पायऱ्या मोजल्या. एक फूट चढायला उतार किमान बारा फूट लांब हवा, हे मला तेव्हा कळलं. तीनचाकी कमी जागेत वळते पण तिरक्या रस्त्यावर लवकर कलंडते, चारचाकी स्थिर असते पण तिला वळायला जागा जास्त लागते, हेही तिने सांगितलं.

मग तिने कागदावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाली, ‘आजोबा, बरोबर मध्यावर खूण करा.’ अब्बा हसले. ‘पोरी, पन्नास वर्षं कापडाचा मध्य काढलाय.’ त्यांनी पेन टेकवलं. खूण मध्यापासून चांगली चार बोटं उजवीकडे पडली. दुसरी रेघ, तिसरी रेघ, तेच. अब्बा मात्र ठाम होते की मध्य तोच.

डोळे शाबूत होते. पण झटक्यानंतर मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. गटार त्यांच्या डावीकडे होतं. ते त्यांना खरंच दिसलं नव्हतं.

त्या मुलीचा निर्णय स्पष्ट होता. सध्या कोणतीच स्कूटर नको, तीनचाकी नको आणि चारचाकीही नको. डावीकडे बघण्याचे व्यायाम, मागून ढकलायची हलकी चाकाची खुर्ची, पायऱ्यांवर उतार आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. योग्य गाडी निवडणं म्हणजे कधी कधी गाडी नाकारणंही असतं.

त्या रात्री मी अब्बांची माफी मागितली. ते म्हणाले, ‘चूक एकच झाली. आधी माप, मग कात्री. शिंप्याच्या पोराला हे सांगावं लागावं?’

श्रोतेहो, मुंबई-नागपूरच्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. आईवडिलांसाठी गाडी घेण्याआधी तिथे एक खेप घाला. शिबिरात साधनं वाटणाऱ्या मंडळींनाही विनंती आहे, की फोटोआधी माप घ्या.

तीन महिन्यांनी अब्बांची खूण मध्याकडे थोडी सरकली, पण पुरेशी नाही. ‘अजून ट्रायल चालू आहे, पक्की शिवण नाही,’ ते म्हणतात. रोज संध्याकाळी मी त्यांना वाचनालयात ढकलत नेतो. वाटेत ते मान मुद्दाम डावीकडे वळवतात आणि गटार आलं की मला आधी सांगतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)