आवळणारी वीज, सैलावणारे स्नायू

पांगळेपण म्हटले की आपल्या भाषेला आधी 'लुळा' हा शब्द आठवतो. शक्ती गेली, अवयव लोंबू लागला, असे त्यातले चित्र. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांचा अनुभव मात्र वेगळा असतो. आघातानंतर काही आठवडे पाय खरोखरच लुळे असतात. पुढे ते ताठू लागतात. पांघरूण नुसते लागले तरी गुडघे आखडतात, आचक्यांनी झोप मोडते. वैद्यक याला 'स्पास्टिसिटी' म्हणते. 'ओढणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे. ही ओढ सैल करण्यासाठी विजेचा उपयोग कसा होऊ लागला, हा इतिहास आम्हांला केवळ वैद्यकाचा वाटत नाही. एकाच ज्ञानातून दोन भिन्न वृत्ती कशा जन्मतात, याचाही तो इतिहास आहे.

१८९८ साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजरावरील प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली. मेंदूचा वरचा भाग विलग केल्यावर पायांत येणारा ताठरपणा, त्या पायांकडून मज्जारज्जूत शिरणारी संवेदी मुळे कापली की ओसरतो. म्हणजे ताठरता ही निव्वळ स्नायूची खोड नव्हे. वरचा लगाम सुटल्यावर मज्जारज्जू खालून येणाऱ्या संवेदनांना अवाजवी उत्तर देऊ लागतो. यावरून जर्मनीतील ओटफ्रिड फॉर्स्टर यांनी १९०८ मध्ये रुग्णांची तीच मुळे कापण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. ताठरता कमी होई. पण संवेदनेचे मोल द्यावे लागे, आणि कापलेले पुन्हा सांधता येत नसे.

वीज त्या काळी स्नायू आवळणारी म्हणूनच परिचित होती. गॅल्व्हानींच्या १७९१ च्या निबंधातले बेडकाचे पाय आणि ड्युशेन यांचा १८५५ चा विद्युतोपचारावरील ग्रंथ ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. मग आवळणारी शक्ती सैल कशी करील? उत्तर पुन्हा शेरिंग्टन यांच्याच कामात होते. एक स्नायू आकसला की त्याच्या विरुद्ध काम करणारा स्नायू ढिला सोडण्याची आज्ञा मज्जारज्जूच देतो. १९५२ साली लेव्हिन, नॉट आणि कॅबट यांनी ताठर स्नायूऐवजी त्याच्या विरोधी स्नायूला विद्युत-उत्तेजन देऊन शैथिल्य साधल्याचे नोंदवले.

पुढचा टप्पा वेदनेच्या वाटेने आला. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेचा 'द्वार-सिद्धांत' मांडला. १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी वेदनाशमनासाठी मज्जारज्जूच्या मागील भागावर विद्युदग्र बसवला. १९७३ साली कुक आणि वाइनस्टीन यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत अशा उत्तेजनाने हालचालही सुधारल्याचे नोंदवले. १९८६ मध्ये दिमित्रीयेविच आणि सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या जुन्या इजांतील ताठरतेवर त्याचा उपयोग अभ्यासला. २०१४ मध्ये हॉफस्टेटर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेविना, त्वचेवर विद्युदग्र चिकटवून, तीन जणांना सेकंदाला ५० स्पंदने या गतीने ३० मिनिटे उत्तेजन दिले. त्यानंतर काही काळ ताठरता उतरली. तीन जणांवरून सिद्धांत होत नाही, आणि बॅक्लोफेनसारख्या औषधांची जागा विजेने आजही घेतलेली नाही. पण लक्षणीय गोष्ट अशी की, हा प्रवाह प्रामुख्याने मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी मुळांतील तंतूंनाच उद्दीपित करतो. फॉर्स्टर यांनी जी वाट कापली, तिच्यावरूनच आता निरोप पाठवला जातो.

हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण ताठरता नेहमीच शत्रू नसते. कित्येक जण पायांच्या याच ताठपणावर क्षणभर उभे राहून खाटेवरून खुर्चीत जातात. आचके अचानक वाढले तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा शय्याव्रण असल्याची ती सूचना असू शकते. जिथे वेदना पोचत नाही, तिथे आचकाच तक्रार करतो. १९६४ साली ॲशवर्थ यांनी दिलेली मोजपट्टी परीक्षकाच्या हाताला जाणवणारा विरोध मोजते. त्या विरोधाचा रुग्णाला होणारा उपयोग तिच्यात उमटत नाही. म्हणून किती सैलावायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार ज्याचे शरीर त्याचा. सुरीने एकदा केलेला निर्णय फिरवता येत नाही. विजेचा प्रवाह बंद करता येतो, आणि पुन्हा सुरूही करता येतो.